कुरोबे धरण कसं बघावं: जपानच्या डोंगरातल्या भिंतीपाशी अर्धा दिवस

जपानच्या उत्तर आल्प्समध्ये, तोयामा प्रांतात, कुरोबे नदीच्या अरुंद घळीत १८६ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी आहे. जपानमधलं हे सर्वांत उंच धरण. कान्साई इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीनं १९५६ साली काम हाती घेतलं आणि जून १९६३ मध्ये ते पूर्ण झालं. आज हे धरण ‘तातेयामा-कुरोबे अल्पाइन रूट’ या पर्यटन मार्गावर आहे. या मार्गावर माणसं बस, रोपवे, केबल कार अशी एकामागून एक वाहनं बदलत डोंगररांग ओलांडतात. त्या धावपळीत धरणाच्या वाट्याला येतं ते दोन वाहनांमधलं पंधरा मिनिटांचं चालणं. फोटो काढला, निघाले.

मला ते फार चुकीचं वाटतं. हे धरण बांधताना १७१ माणसं गेली, एक डोंगर आतून फुटला, काम चालू असताना भिंतीचा आराखडा बदलावा लागला. आणि या सगळ्याच्या खुणा आजही जागेवर डोळ्यांनी दिसतात. कुठे थांबायचं आणि काय बघायचं हे ठाऊक असलं की झालं. म्हणून हा लेख. धरणासाठी किमान चार तास बाजूला काढा, एवढी एक अट मान्य केलीत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी तारीख ठरवा

हा मार्ग साधारण १५ एप्रिल ते ३० नोव्हेंबर एवढाच काळ उघडा असतो. डिसेंबरपासून बर्फ इतका पडतो की पर्यटकांना धरणापर्यंत जाता येत नाही. उघड्या काळातही तुम्हाला काय बघायचंय त्यावर महिना ठरतो.

धरणातून सुटणारं पाणी बघायचं असेल तर २६ जून ते १५ ऑक्टोबर या काळातच जा. पर्यटकांसाठीचा विसर्ग तेव्हाच रोज असतो. एप्रिल-मेमध्ये धरण गाठलंत तर भिंत दिसेल, भोवतीचा बर्फ दिसेल, पण पाणी उसळताना दिसणार नाही. मात्र त्या दिवसांत याच मार्गावर मुरोदो इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या उंच भिंती असतात. कुठल्या तरी एका गोष्टीवर पाणी सोडावंच लागतं.

माझी पसंती ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. विसर्ग चालू असतो, पावसाळा आणि वादळांचा जोर ओसरलेला असतो आणि वरच्या उतारांवरची झाडं लाल-पिवळी व्हायला लागलेली असतात. शरद ऋतूचा रंग इथं वरून खाली उतरत येतो. मुरोदोला सप्टेंबरअखेर, मधल्या उतारांवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि धरणाच्या आसपास त्यानंतर. जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी ढग डोंगराला चिकटून बसतात. ऑगस्ट सुखाचा असतो, पण ऑगस्टच्या मध्याला ओबोनच्या सुट्टीत आणि एप्रिलअखेरच्या ‘गोल्डन वीक’मध्ये जपानी कुटुंबं मोठ्या संख्येनं इथं येतात, ते आठवडे टाळा. शक्य असेल तर शनिवार-रविवारही टाळा.

निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी मार्गाच्या अधिकृत संकेतस्थळावरचे लाइव्ह कॅमेरे उघडून बघा. डोंगरातलं हवामान खालच्या शहरावरून ओळखता येत नाही.

कुठल्या बाजूनं जायचं

धरणाला दोन बाजूंनी जाता येतं. पूर्वेला नागानो प्रांत, पश्चिमेला तोयामा शहर. फक्त धरण नीट बघायचं असेल तर पूर्वेची बाजू घ्या. त्या बाजूनं धरण अवघ्या एका बसच्या अंतरावर आहे. तोयामाकडून आलात तर पाच वाहनं बदलून मग धरण लागतं, आणि तोवर दुपार झालेली असते.

पूर्वेकडचं दार म्हणजे ओगिझावा, उंची १४३३ मीटर. टोकियोहून होकुरिकू शिनकानसेन या बुलेट ट्रेननं नागानोला दीड तासाच्या आसपास पोहोचता येतं. नागानो स्थानकाच्या पूर्वेकडच्या दारापासून ओगिझावाला थेट बस असते, ती पावणेदोन तास घेते. दुसरा रस्ता टोकियोतल्या शिंजुकू स्थानकाहून मात्सुमोतोमार्गे शिनानो-ओमाची या छोट्या गावाचा. तिथून ओगिझावाला बसनं चाळीस मिनिटं. स्वतःची गाडी असेल तर तीही ओगिझावाच्या वाहनतळापर्यंतच. पुढे खासगी वाहनं सोडत नाहीत.

टोकियोहून पहाटे निघून रात्री परत येता येतं, पण तशी दगदग करू नका. शिनानो-ओमाचीला किंवा तिथून ओगिझावाच्या वाटेवर असलेल्या ओमाची ओनसेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वस्तीत रात्र काढा आणि ओगिझावाहून सकाळच्या पहिल्या एक-दोन बसपैकी एक पकडा. मोठे गट दहानंतर यायला लागतात. त्याआधीचा धरणाचा माथा जवळपास मोकळा मिळतो. टोकियोत मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर मुक्काम करणं आणखी बरं.

तिकीट, सामान, कपडे, जेवण

देशभर चालणारा जपान रेल पास ओगिझावापासून पुढे तातेयामापर्यंतच्या कुठल्याही वाहनाला चालत नाही. हे ध्यानात न आल्यानं खिडकीपाशी अडकलेले लोक नेहमी दिसतात. तिकीट वेगळं काढावं लागतं. फक्त धरण बघून परतायचं असेल तर ‘ओगिझावा ते कुरोबे धरण’ असं जाऊन-येऊन तिकीट घ्या. गर्दीच्या दिवसांसाठी अधिकृत संकेतस्थळावर आधी नोंदणी करा. दर आणि वेळापत्रक हंगामानुसार बदलतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातले आकडे धरून बसू नका.

मोठ्या बॅगा सोबत नेऊ नका. जिने आहेत, रांगा आहेत. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणार असाल तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सामान पोहोचवणारी सेवा आहे, ती घ्या. परत याच बाजूला येणार असाल तर बॅग मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर भर ऑगस्टमध्येही एक स्वेटर किंवा जाकीट हवंच. धरणाचा माथा १४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडा वर. बाहेर ऊन असलं तरी बोगद्यात आणि भूमिगत जिन्यात चांगलीच थंडी असते. घसरणार नाहीत असे बूट घाला. पावसाचा कोट घ्या. छत्री इथल्या वाऱ्यात उपयोगाची नाही.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. धरणावरच्या उपाहारगृहाचा प्रसिद्ध पदार्थ आहे ‘धरण करी’. भाताची कमानी भिंत करतात आणि तिच्या एका बाजूला जलाशय म्हणून हिरवी करी ओततात. दिसायला सुरेख, पण मांसाहारी. जपानी करीच्या तयार मसाल्यात भाजीची करी असली तरी बहुधा प्राण्याची चरबी किंवा मांसाचा अर्क असतो. शिवाय सूप आणि नूडल्सच्या पाण्यात माशाचा अर्क असतो. तेव्हा खालच्या गावातल्या दुकानातून ब्रेड, केळी, सुकामेवा घ्या. घरून आणलेल्या दशम्या-चटणी किंवा खाकरे असतील तर उत्तमच. खाल्ल्यावरचा कचरा पिशवीत भरून परत खाली आणायचा.

बोगद्यात शिरताना डोळे उघडे ठेवा

ओगिझावाहून विजेवर चालणारी बस सुटते आणि जवळजवळ लगेच डोंगरात शिरते. ६.१ किलोमीटर, सोळा मिनिटं. १९६४ पासून २०१८ पर्यंत या बोगद्यातून ट्रॉलीबस धावत होत्या, म्हणजे वरच्या तारांमधून वीज घेणाऱ्या. २०१९ पासून बॅटरीच्या बस आल्या. ओगिझावाला थांबल्या की त्यांच्या टपावरची भुजा वर उचलली जाते आणि चार्जिंग होतं. चढण्याआधी ते बघून घ्या.

या बसमध्ये बहुतेक जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, आणि खरी गोष्ट सुरू होते ती इथेच. कारण हा बोगदा पर्यटनासाठी खोदलेला नाही. धरणाच्या जागेपर्यंत रस्ताच नव्हता. सुरुवातीला हमाल पाठीवर ओझी घेऊन तातेयामाची खिंड ओलांडून सामान आणत. हेलिकॉप्टरनंही काही सामान उतरवलं गेलं. पण एवढ्या मोठ्या भिंतीचं सिमेंट आणि यंत्रं अशी थोडीच येणार? म्हणून आकाझावा शिखराच्या पोटातून ५.४ किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला.

मे १९५७ मध्ये खोदणाऱ्यांच्या पुढ्यात खडक संपला आणि चुरा झालेल्या दगडांचा पट्टा लागला. डोंगराच्या हालचालीत भरडून निघालेला खडक, आणि त्याच्या फटींत कोंडलेलं पाणी. पाणी आणि दगड बोगद्यात कोसळू लागले. दर सेकंदाला ६६० लिटर, आणि पाण्याचं तापमान ४ अंश सेल्सिअस. त्या बर्फगार पाण्यात उभं राहून माणसं काम करत होती. बाजूंनी पाणी काढून द्यायला वेगळे छोटे बोगदे खणले, पुढच्या खडकात भोकं पाडून सिमेंट आणि रसायनं दाबून भरली, आणि थंडीत डोंगरावरचं पाणी गोठून झिरपा कमी झाला तेव्हा कुठे पुढे सरकता आलं. तो पट्टा होता फक्त ८० मीटरचा. तो पार करायला सात महिने लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये बोगदा आरपार झाला.

बसमधून जाताना हा ८० मीटरचा पट्टा फलक लावून आणि निळ्या दिव्यांनी दाखवलेला आहे. बस तो काही सेकंदांत ओलांडते. दोन्ही टोकांचे फलक बघायचे असतील तर खिडकीशी बसा आणि मोबाइल खिशात ठेवा.

२२० पायऱ्या चढा

बस थांबते ते कुरोबे धरण स्थानकही डोंगराच्या आतच आहे. इथं दोन वाटा फुटतात. एक आतूनच थेट धरणाच्या माथ्याकडे जाते. दुसरी २२० पायऱ्या चढून उघड्यावरच्या निरीक्षण सज्जावर. गुडघे साथ देत असतील तर आधी चढा. जिना भूमिगत आहे, मध्ये टेकायला जागा आहे, घाई करण्याचं कारण नाही. दम लागणाऱ्यांनी किंवा लहान मूल कडेवर असणाऱ्यांनी माथ्याची वाट धरावी. तिथूनही भरपूर दिसतं.

वर पोहोचलं की पिण्याच्या पाण्याची सोय आहे. ते पाणी त्या चुरा झालेल्या पट्ट्यातूनच आणलेलं आहे. रिकामी बाटली मुद्दाम जवळ ठेवा आणि इथं भरून घ्या. ज्या पाण्यानं सात महिने काम अडवलं, तेच आता नळाला येतं.

आणि मग समोर बघा. सज्जा पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोर खाली भिंतीतून सुटणारं पाणी. ऊन स्वच्छ असेल तर त्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य पडतं. दुपारनंतर सूर्य पश्चिमेच्या शिखरांकडे गेला की इथून ते दिसत नाही. लवकर येण्याचं हेही एक कारण. सज्जावरून उघड्यावरचा जिना खाली उतरतो. त्या वाटेवर खालच्या गच्च्यांवर थांबत थांबत या, दर टप्प्यावर भिंतीचा वेगळा कोन दिसतो. सगळ्यात खालच्या गच्चीवर पाण्याचा आवाज छातीत जाणवतो आणि चेहरा ओला होतो.

पाणी असं फवाऱ्यासारखं का सोडतात?

आपल्याकडे धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याचा लोट सांडव्यावरून कोसळतो. इथं भिंतीच्या मधून पाणी झोतानं बाहेर येतं आणि हवेतच धुक्यासारखं विखुरतं. ही पर्यटकांसाठी केलेली सजावट नाही. एवढ्या उंचीवरून सलग धार पडली तर पायथ्याचा खडक खणला जाईल, आणि कमानी धरणाचं सगळं बळ त्याच खडकावर आहे. म्हणून पाणी तोडून, शिंपडून सोडतात.

विसर्ग सेकंदाला १० ते १५ घनमीटर असतो, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ३५० ते ५३० क्युसेक. पावसाळ्यात हजारो क्युसेकच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. समोर उभं राहिल्यावर वाटत नाही.

भिंत वाचायची कशी

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. सज्जावरून किंवा गच्चीवरून भिंतीकडे नीट बघा. मधला मोठा भाग कमानीसारखा वाकलेला आहे, पाण्याकडे पोट काढून. पण दोन्ही टोकांना काहीतरी वेगळं दिसतं. कमान थेट डोंगरात शिरत नाही. टोकांशी ती मोडते आणि दोन सरळ भिंती, पंखांसारख्या, वळून डोंगराला टेकतात. हे पंख मूळ आराखड्यात नव्हते.

कोयनेची भिंत पाण्याला थोपवते ती स्वतःच्या वजनाच्या जोरावर. कमानी धरणाचं तसं नसतं. जुन्या वाड्याच्या दारावरची दगडी कमान वरचा भार जसा दोन्ही बाजूंच्या खांबांवर टाकते, तशी ही आडवी कमान पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या खडकावर ढकलते. त्यामुळे काँक्रीट कमी लागतं, पण काठाचा खडक भक्कम लागतो. आपल्याकडे केरळातलं इडुक्की धरण याच जातीचं.

कुरोबेचं काम चालू असताना डिसेंबर १९५९ मध्ये फ्रान्समधलं मालपासे हे कमानी धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. भिंत सडली नव्हती. बाजूचा खडक सरकला होता. या बातमीनं कुरोबेच्या लोकांची झोप उडाली असणार, कारण इथंही दोन्ही काठांचा वरचा खडक पुरेसा भक्कम नव्हता. प्रकल्पाला जागतिक बँकेचं ३ कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज होतं. बँकेच्या तज्ज्ञांनी धरणाची उंची कमी करायला सुचवलं. उंची कमी म्हणजे साठा कमी, वीज कमी, आणि अख्खा हिशेब कोलमडणार. जपानी अभियंत्यांनी जागेवरच खडकाचे मोठे तुकडे दाबून, रेटून त्याची ताकद मोजली आणि आराखडा बदलला. वरच्या कमकुवत खडकावर कमानीचा रेटा येऊच नये म्हणून तिथं स्वतःच्या वजनानं उभे राहणारे हे पंख आले. उंची १८६ मीटरच राहिली.

म्हणून पंख शोधा. मधल्या कमानीचा वळसा आणि पंखाची सरळ रेघ जिथं मिळते, तिथं बोट ठेवून सोबतच्या मुलांना दाखवा. फ्रान्समधल्या त्या दुर्घटनेतून शिकलेला धडा इथं काँक्रीटमध्ये उभा आहे, आणि त्यावरूनच तुम्ही थोड्या वेळानं चालत जाणार आहात.

माथ्यावरून चालताना

माथ्याची लांबी ४९२ मीटर. गाड्या नाहीत, रुंद रस्ता आहे, चाकाची खुर्ची सहज जाईल. एका कठड्यावरून खाली घळ आणि फवारा, दुसऱ्या कठड्यावरून हिरवट निळा जलाशय. टोपी आणि मोबाइल सांभाळा, वारा जोरात असतो.

जलाशयाकडे बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. साठा सुमारे २० कोटी घनमीटर, म्हणजे जेमतेम ७ टीएमसी. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा, आणि भिंतीची उंची मात्र १०३ मीटर. मग एवढ्याशा पाण्यासाठी एवढी उंच भिंत कशाला? कारण कुरोबे नदी सुमारे तीन हजार मीटरच्या शिखरांतून निघते आणि अवघ्या ८५ किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. तिच्याकडे पाणी फार साठवायला जागा नाही, पण उतार अफाट आहे. या धरणातलं पाणी बोगद्यातून खाली नेऊन ५४५ मीटर खोल उतरवतात, आणि वीज त्या उंचीतून येते. युद्धानंतरच्या काळात ओसाका आणि आसपासच्या कान्साई भागात विजेचा भयंकर तुटवडा होता. त्या शहरांसाठी या दूरच्या घळीत हे सगळं मांडलं गेलं.

पलीकडच्या टोकाला गेलात की जलाशयाच्या काठानं एक पायवाट जाते. कांपादानी नावाच्या ओढ्यावरचा झुलता पूल पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. गर्दी धरणावरच राहते, त्यामुळे ही वाट शांत असते. जलाशयातली पर्यटक नौका २०२४ च्या हंगामानंतर बंद झाली. जुन्या माहितीत तिचा उल्लेख सापडला तर तिच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

धरणाच्या खालच्या बाजूला घळीतून जाणारी एक प्रसिद्ध गिर्यारोहणाची वाटही आहे, शिमोनोरोका. कड्यात कोरलेली, काही ठिकाणी एका माणसापुरती. जपानी गिर्यारोहकांत म्हण आहे की कुरोबेत कुणी जखमी होत नाही, कारण पडला तो गेलाच. सह्याद्रीत कितीही किल्ले केले असले तरी त्या वाटेला सहज म्हणून पाय लावू नका.

स्मारकापाशी थांबा

स्थानकाच्या बाजूला परत आलात की माथ्याच्या जवळच कामगारांचं स्मारक आहे. सहा मानवी आकृती आणि शेजारी १७१ नावं. सात वर्षांत एकूण सुमारे एक कोटी मनुष्यदिवसांचं काम इथं झालं आणि त्यात ही माणसं मेली. कुणी दरड कोसळून, कुणी सामान आणताना दरीत पडून.

नावं जपानी लिपीत आहेत, वाचता येणार नाहीत. तरी ओळींवरून नजर फिरवा, किती आहेत ते दिसू द्या. आपल्याकडे धरणाच्या उद्घाटनाच्या पाटीवर मंत्र्यांची नावं असतात. राबून मेलेल्यांची नावं मी फार कमी ठिकाणी पाहिली आहेत. इथं ती आहेत आणि ती धरणाच्या इतकी जवळ आहेत, हे मला या कंपनीच्या आणि त्या काळच्या लोकांच्या बाबतीत मनापासून चांगलं वाटतं. तिथं मोठ्यानं बोलू नका, आकृतींना टेकून सेल्फी काढू नका.

पुढे तातेयामाकडे, की परत?

धरण सावकाश बघून दुपार झाली असेल तर परत ओगिझावाला जा. शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरतानाच टिपून ठेवा. हंगामाच्या शेवटाकडे ती लवकर सुटते.

सकाळी साडेदहा-अकरापर्यंत धरण आटोपलं असेल आणि सामान आधीच पलीकडे पाठवलेलं असेल तर मात्र पुढे जायला हरकत नाही. माथा ओलांडून कुरोबेको स्थानकावर गेलं की केबल कार. ही पूर्णपणे डोंगराच्या आतून चढते, पाच मिनिटांत. बर्फापासून बचाव आणि राष्ट्रीय उद्यानातलं निसर्गदृश्य न बिघडवणं, या दोन्हींसाठी ती आत ठेवली आहे. मग १.७ किलोमीटरचा रोपवे, ज्याला मध्ये एकही खांब नाही. मग विजेवरच्या बसनं बोगद्यातून मुरोदो, उंची २४५० मीटर. इथं चालताना धाप लागू शकते, हळू चाला, पाणी पीत राहा. तिथून बस, पुन्हा केबल कार आणि तातेयामा स्थानक. शेवटी स्थानिक रेल्वेनं तासाभरात तोयामा शहर. रांगा धरून धरणापासून पुढचा सगळा प्रवास पाच-सहा तासांचा होतो, म्हणून दुपारी निघणं टाळा.

वीज कुठे तयार होते

धरण बघून झाल्यावर हमखास प्रश्न येतो: वीजघर कुठाय? ते इथं नाही. ‘कुरोयोन’, म्हणजे कुरोबे नदीवरचं चौथं वीज केंद्र, धरणापासून सुमारे १० किलोमीटर खाली, पूर्णपणे डोंगराच्या पोटात आहे. पोफळीचं कोयनेचं भूमिगत वीजघर पाहिलेल्यांना कल्पना करणं सोपं जाईल. काळही साधारण तोच, साठच्या दशकाची सुरुवात. कुरोयोनमध्ये चार पेल्टन टर्बाइन आहेत, क्षमता सुमारे ३३५ मेगावॅट, आणि वर्षाला १०० कोटी युनिटच्या आसपास वीज. पूर्ण क्षमतेनं चालताना सेकंदाला ७२ घनमीटर पाणी बोगद्यातून तिथं उतरतं. भिंतीतून उसळताना तुम्ही पाहिलेलं पाणी या टर्बाइनला वळसा घालून जातं.

हे वीज केंद्र बघायची इच्छा असेल तर नजर उनाझुकीकडे ठेवा. तोयामा प्रांतातल्या या गरम झऱ्यांच्या गावातून कुरोबे घळीतली छोटी रेल्वे निघते. तीही मुळात वीज प्रकल्पांचं सामान नेण्यासाठी बांधलेली, रुळांची रुंदी फक्त ७६२ मिलिमीटर. तिचं शेवटचं स्थानक केयाकिदाइरा, २०.१ किलोमीटरवर. तिथून पुढे कंपनीच्या कामगारांच्या गाडीनं, वीज केंद्रातून, थेट धरणापर्यंत पर्यटकांना नेणारा ‘कुरोबे-उनाझुकी कॅनियन रूट’ २०२४ मध्ये सुरू होणार होता. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात घळीतल्या रेल्वेचा एक पूल दरडीनं नादुरुस्त झाला आणि उद्घाटन पुढे गेलं. त्या मार्गावर ‘उष्ण बोगदा’ आहे. १९३० च्या दशकात तिसऱ्या वीज केंद्रासाठी तो खोदताना खडकाचं तापमान १६० अंशांच्या वर गेलं होतं, आणि कामगारांच्या अंगावर सतत थंड पाणी मारत खोदकाम करावं लागलं.

तेव्हा कॅनियन रूट डोक्यात ठेवून प्रवास आखणार असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी तोयामा प्रांताच्या पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर तो मार्ग खुला आहे का आणि केयाकिदाइरापर्यंत गाडी जाते का, या दोन्ही गोष्टी तपासा. ओगिझावाच्या बाजूनं धरण गाठण्याशी या पुलाचा काही संबंध नाही, ती वाट या भूकंपानं अडलेली नाही.